अनाथ, पोरका, बेवारस, यतीम: हे शब्द आले कुठून आणि मुलांसमोर कुठला वापरायचा

एका शाळेतल्या बाईंनी विचारलंय. त्यांच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा आहे, आईवडील दोघं गेलेत, काकाकाकूंकडं राहतो. शाळेच्या फॉर्मवर "अनाथ : होय / नाही" असा रकाना होता, तो सगळ्या वर्गासमोर वाचला गेला आणि पोरगं दोन दिवस शाळेत आलं नाही. बाईंचा प्रश्न असा की अनाथ आणि पोरका यात फरक काय, हे शब्द मुळात आले कुठून, आणि मुलांसमोर काय म्हणायचं.

मी २६ वर्षं बालगृहात काम केलंय, त्यातली शेवटची १२ अधीक्षक म्हणून. भाषेची पदवी नाही माझ्याकडं, पण हा एक शब्द रोज कागदावर लिहायचा आणि रोज समोरच्या मुलाकडं बघायचं, असं इतकी वर्षं केल्यावर तो कुठून आला हे शोधल्याशिवाय राहवलं नाही. त्यामुळं उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

पहिली गोष्ट. अनाथ या शब्दात आई नाही आणि बापही नाही. अ अधिक नाथ, एवढाच तो शब्द. नाथ म्हणजे सांभाळणारा, आधार देणारा, ज्याच्या जिवावर आपण निर्धास्त असतो तो. संस्कृतात नाथ् हा धातू आहे आणि त्याच्या अर्थांत याचना करणं पण आहे आणि सत्ता असणं पण आहे, म्हणजे मागणारा आणि देणारा दोघंही एकाच धातूत बसलेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबले होते, कारण आमच्या ऑफिसच्या दारात रोज हेच घडायचं, एकजण मागायला उभा आणि एकाच्या हातात शिक्का.

ऋग्वेदात दहाव्या मंडलात यम आणि यमी या बहीणभावाचा संवाद आहे. त्यात यमी विचारते, "किं भ्रातासद्यदनाथं भवाति", म्हणजे आधारच नसेल तर तो भाऊ कसला. इतक्या जुन्या ठिकाणी हा शब्द येतो आणि तिथं आईबाप मेल्याचा विषयच नाही. समोर भाऊ धडधाकट उभा आहे, तरी ती अनाथ म्हणते, कारण तो तिच्या बाजूनं उभा राहत नाहीये. द्रौपदीबद्दल "नाथवती अनाथवत्" म्हणतात तेही तसंच, पाच नवरे असून वाऱ्यावर सोडलेली. बुद्धाच्या काळात श्रावस्तीचा जो मोठा सावकार होता, ज्यानं जेतवन विहार दान दिला, त्याचं नाव सुदत्त, पण लोक त्याला अनाथपिंडिक म्हणायचे, ज्यांना कोणी नाही त्यांना जेवू घालणारा. त्यात म्हातारे आले, आजारी आले, भिकारी आले, नुसती पोरं नाहीत.

आणि लांब कशाला जायचं, आपण दर नवरात्रात आणि गणपतीत दुर्गेची आरती म्हणतो, "अनाथनाथे अंबे करुणा विस्तारी". आरतीला उभ्या असलेल्या माणसांत बहुतेकांचे आईवडील शेजारीच टाळ्या वाजवत असतात. तरी सगळे स्वतःला अनाथ म्हणवून घेतात आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. विठ्ठलाला अनाथांचा नाथ म्हणताना वारकरी आपल्याबद्दलच बोलत असतो. देवासमोर हा शब्द अंगाला लागत नाही, तोच शब्द शाळेच्या फॉर्मवर आला की पोरगं रडतं. शब्द तोच आहे, उच्चारणारा आणि जागा बदलली.

मग "आईबाप मेलेलं मूल" हा अर्थ एवढा घट्ट कधी झाला? याचा मधला टप्पा मला आपल्या पुण्यात सापडला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली जी संस्था काढली तिचं नाव अनाथ बालिकाश्रम. आज कोणीही ऐकलं तर म्हणेल मुलींचा अनाथाश्रम असणार. प्रत्यक्षात ती विधवांसाठी होती, लहान वयात नवरा गेलेल्या मुलींसाठी. त्यातल्या कितीतरी जणींचे आईवडील हयात होते. पण नवरा म्हणजे नाथ, तो गेला म्हणजे ती अनाथ, असा तो हिशोब होता आणि तेव्हाच्या लोकांना नाव वाचून अर्थ लगेच कळत होता. पुढं १९०९ मध्ये पुण्यातच अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आता त्याला पुणे विद्यार्थी गृह म्हणतात. तिथं गरीब, शिकायची सोय नसलेली मुलं राहायची. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठीत अनाथ म्हणजे विधवा, गरीब विद्यार्थी, ज्याला कोणी नाही असा कोणीही. पुढं "अनाथाश्रम" हा शब्द इंग्रजी ऑर्फनेजच्या जागी बसला आणि अनाथ म्हणजे ऑर्फन असं समीकरण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं झालं, असं माझं मत आहे. नाथ शब्दातला नवरा, भाऊ, राजा, देव सगळे गळून गेले आणि आईबाप तेवढे उरले.

आता ऑर्फन बद्दल पण सांगते, कारण त्यात एक गोष्ट आहे जी मला अजून विसरता येत नाही. हा शब्द ग्रीक ऑर्फानोसवरून लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. तुलनात्मक भाषाशास्त्रवाले त्याचं कूळ ज्या मूळ धातूपाशी नेतात, त्याच कुळात ते संस्कृत अर्भ धरतात, लहान, अशक्त या अर्थाचा, ज्यावरून आपला अर्भक आला. जर्मन भाषेत वारसा या अर्थाचा एर्बे आणि काम या अर्थाचा आर्बाइट हे पण त्याच घरातले, आणि चेक भाषेतला रोबोटा म्हणजे वेठबिगार, ज्यावरून १९२० साली रोबोट हा शब्द निघाला, तोसुद्धा. लहान मूल, पोरकं मूल, वारसा, वेठ, सगळं एका मुळापाशी. बाप गेला की पोराचं काय होतं याची अख्खी जुनी कहाणी त्या यादीत आहे, ते दुसऱ्याच्या घरात जातं, राबतं, आणि वारसा कोणाकडं जायचा यावर भांडणं होतात. आणि अर्भक! आपल्याकडं पेपरात हा शब्द कधी येतो बघा, "झुडपात अर्भक सापडले". घरातल्या बाळाला कोणी अर्भक म्हणत नाही. मूळ अर्थ नुसता लहान, पण आपल्या बातम्यांनी तो परत टाकलेल्या बाळापाशी आणून ठेवलाय.

पोरका हा मात्र अस्सल आपला शब्द. पोर वरूनच आलेला तो, ऐकल्याबरोबर कळतं. नवल असं की पोर म्हणजे मूल आणि पोरका म्हणजे आईबाप नसलेलं मूल, म्हणजे शब्दात कुठंही "नाही" असं आलेलं नाही. अनाथमध्ये अ आहे, निराधारमध्ये निर् आहे, बेवारसमध्ये बे आहे, सगळे नकारानं सुरू होतात. पोरका एकटाच असा की काय नाही ते सांगत नाही.

आणि दुसरं, पोरकं "होतात". अनाथ "असतात". तुम्ही आठवून बघा, माणूस स्वतःबद्दल बोलताना काय म्हणतो. साठीचा माणूस आईला पोचवून घरी येतो आणि म्हणतो, आज मी पोरका झालो. त्याला नातवंडं असतात, दोन फ्लॅट असतात, तरी कोणी हसत नाही त्याला. मोठा नट गेला की रंगभूमी पोरकी झाली असं छापून येतं. अनाथ असं कोणी म्हणणार नाही तिथं. पोरकेपण आतलं असतं आणि अनाथपण दुसऱ्यानं दिलेलं असतं, कागदावर. म्हणून कुठल्याच सरकारी फॉर्मवर पोरका हा रकाना नाही आणि देव करो कधी न येवो.

आमच्याकडं एक मुलगा होता, नाव सांगत नाही. आठ वर्षांचा असताना आला. बाप वारलेला, आई ऊसतोडीला जायची, मुकादमाच्या टोळीबरोबर सहा महिने बाहेर. गावातले लोक आमच्या बालगृहाला अनाथाश्रमच म्हणायचे, रिक्षावाले पण तेच, आणि वाढदिवसाला केक घेऊन येणारे लोक मुलांना रांगेत बसवून "या अनाथ मुलांना" अशी सुरुवात करून भाषण करायचे. हा मुलगा एकदा मधेच उठून उभा राहिला आणि म्हणाला, मी अनाथ नाहीये, माझी आई आहे. आई हंगाम संपला की यायची, प्लास्टिकच्या बरणीत शेव घेऊन, बरणीचं झाकण सैल होतं म्हणून त्यावर पिशवी बांधून रबर लावलेलं असायचं. तो ती शेव वाटायचा सगळ्यांना पण बरणी परत कोणाला द्यायचा नाही, उशाशी ठेवायचा, रिकामी. अकरा वर्षं असंच. पुढं तो ड्रायव्हर झाला, आईला जवळ घेऊन राहिला, आणि चोवीसचा असताना एका सकाळी त्याचा फोन आला, मॅडम, मी पोरका झालो. अकरा वर्षं लोक त्याला जे म्हणत होते ते त्यानं कधी मान्य केलं नाही, आणि त्या दिवशी स्वतःसाठी शब्द निवडला तो हा.

आणि तो काही वेगळा नव्हता. आमच्याकडच्या बहुतेक मुलांना आई किंवा बाप कोणीतरी एक होतं. कोणाची आई आजारी, कोणाचा बाप जेलात, कोणाच्या आईनं दुसरं लग्न केलेलं आणि नव्या घरात पोराला जागा नाही. बालगृहातलं मूल म्हणजे आईबाप मेलेलं मूल, ही समजूत मनातून काढून टाका.

इथं कायदा काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनाथ कोण याची व्याख्या आहे. ज्याला जन्मदाते किंवा दत्तक आईबाप नाहीत आणि कायदेशीर पालकही नाही ते मूल अनाथ, हा पहिला भाग. दुसरा भाग असा की ज्याचा कायदेशीर पालक त्याला सांभाळायला तयार नाही किंवा सांभाळू शकत नाही, ते मूल पण अनाथ. हा दुसरा भाग वाचताना मला दरवेळी यमी आठवते. पालक आहे, समोर उभा आहे, पण आधार नाही. युनिसेफची व्याख्या आणखी वेगळी, त्यांच्या हिशोबात १८ च्या आतल्या ज्या मुलाचा एक पालक गेला तेही अनाथ. म्हणून त्यांचा २०१५ चा आकडा जगात जवळपास १४ कोटी येतो, पण त्यात दोन्ही पालक गेलेली मुलं १ कोटी ५१ लाख. तुम्ही कुठं भाषणात "जगात १४ कोटी अनाथ" ऐकलं तर त्यातल्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील आहेत हे लक्षात ठेवा. हा आकडा ऐकून लोकांना वाटतं सगळ्यांसाठी आश्रम बांधायला पाहिजेत, आणि खरी गरज बहुतेक वेळा त्या एकट्या आईला महिन्याला हातात चार पैसे मिळण्याची असते.

व्याख्या ही नुसती डिक्शनरीची गोष्ट नाही याचं मोठं उदाहरण गोव्यात आहे. १५५९ मध्ये पोर्तुगीज राजाचा हुकूम आला की आईबाप नाहीत आणि आजीआजोबाही नाहीत अशी हिंदू मुलं जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यायची, तिथं त्यांना ख्रिस्ती करून वाढवायचं. पुढं त्याच "अनाथ" शब्दाचा अर्थ ताणत नेला आणि नुसता बाप गेला असेल तरी, आई जिवंत असली तरी, मूल अनाथ धरून नेलं जाऊ लागलं. आया पोरांना लपवायच्या, नातेवाईक रातोरात मुलांना पोर्तुगीज हद्दीबाहेर पोचवायचे. एका शब्दाची व्याख्या रुंद केली आणि घराघरातली मुलं गेली. मी नवीन कर्मचाऱ्यांना ट्रेनिंगमध्ये हे मुद्दाम सांगायची, की बाबांनो, रजिस्टरमध्ये अनाथ लिहिताना हात थांबू दे, आई आहे का आधी विचारा.

यतीम हा अरबी शब्द, आपल्याकडं उर्दू बोलणाऱ्या घरांत सर्रास. इस्लामी कायद्याच्या अर्थानं यतीम म्हणजे वयात यायच्या आत ज्याचा बाप गेला ते मूल, आई असली तरी. त्या शब्दात एकटं, एकमेव अशी छटा आहे, म्हणून जोडी नसलेल्या अप्रतिम मोत्याला दुर्र-ए-यतीम म्हणतात. पैगंबर स्वतः जन्माच्या आधीच वडील गेलेले, त्यामुळं त्या समाजात यतीम शब्दाला एक मान पण आहे. आमच्याकडं आलेल्या एका आजींनी नातवाला माझ्यापुढं करताना म्हणलं होतं, यतीम आहे, ह्याच्या डोक्यावरून हात फिरवा, पुण्य लागतं. मी इतक्या लोकांना मुलं सोडायला येताना पाहिलंय, मुलाच्या स्थितीबद्दल असं ताठ मानेनं बोलणारं दुसरं माणूस आठवत नाही.

बेवारस बद्दल मला राग आहे, तो लपवणार नाही. फारसी बे आणि अरबी वारिस, ज्याच्यावर हक्क सांगणारा कोणी नाही ते. बेवारस बॅग, बेवारस गाडी, बेवारस मृतदेह. वस्तूंसाठी तो ठीक आहे. पण "बसस्टँडवर बेवारस बालिका" असं छापून येतं तेव्हा त्या मुलीला बॅगेच्या रांगेत बसवलेलं असतं. कायद्यात अशा मुलाला सोडून दिलेलं मूल म्हणतात, आणि ज्याला आईवडिलांनी बालकल्याण समितीपुढं येऊन सही करून दिलं ते स्वाधीन केलेलं मूल. हे तीन प्रकार, अनाथ, सोडून दिलेलं, स्वाधीन केलेलं, वेगळे ठेवण्याला कारण आहे. स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात, आणि मी स्वतः पाहिलंय, चाळिसाव्या दिवशी आई परत आलेली, अंगावर तीच साडी. सोडून दिलेल्या बाळाचा फोटो पेपरात द्यायचा, आईवडिलांचा शोध घ्यायचा, आणि दोन वर्षांपर्यंतचं मूल असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत समितीनं ते दत्तक द्यायला मोकळं आहे की नाही ते ठरवायचं. आम्ही आपसात "फ्री झालं का" असंच विचारायचो. कागद पुरा झाला नाही तर मूल ना आईचं ना दत्तक जाणाऱ्यांचं, तिथंच वाढत राहतं.

अनौरस हा शब्द पण लोक अनाथशी गल्लत करून वापरतात, तो पूर्ण वेगळा आहे. उरस् म्हणजे छाती, औरस म्हणजे पोटचं, लग्नातून झालेलं. अनौरस म्हणजे लग्नाबाहेरचं. त्या मुलाला आई असते. ज्योतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात जे घर उघडलं ते अशाच विधवा आयांसाठी, आणि त्याचं नाव त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह ठेवलं. अनाथ शब्द वापरला नाही. काय थांबवायचंय ते सरळ नावात लिहिलं. तिथं जन्मलेल्या एका बाळाला त्यांनी दत्तक घेतलं, तोच यशवंत, जो पुढं डॉक्टर झाला. संस्थेचं नाव कसं असावं असं मला कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

आता एक बाजू अशी पण आहे की अनाथ हा शब्द काही मुलांनी स्वतःहून हक्कानं मागून घेतलाय. महाराष्ट्रात २०१८ पासून सरकारी नोकरी आणि शिक्षणात अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे. ते मिळालं कारण संस्थेत वाढलेल्या, जात माहीत नसलेल्या मुलामुलींनी मंत्रालयाचे उंबरे झिजवले आणि आम्हाला अनाथ म्हणून ओळखा असं सांगितलं. सुरुवातीच्या अटी फार आवळलेल्या होत्या, आडनाव कळलं किंवा जात लागली की मूल बाहेर. नंतर त्या सैल झाल्या, संस्थेत वाढलेली आणि संस्थेबाहेर नातेवाइकांकडं वाढलेली असे दोन गट धरले गेले. अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्या मुलाच्या फाइलीत अनाथ प्रमाणपत्र असणं म्हणजे काय, ते मी पाहिलंय, प्लास्टिक कव्हर घालून जपतात. तेव्हा शब्दच नको, पुसून टाका, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सिंधुताईंना सगळा महाराष्ट्र अनाथांची माय म्हणायचा, पण त्यांच्या मुलांसाठी त्या नुसत्या माई होत्या. बाहेरच्यांसाठी एक शब्द, घरात दुसरा, असं चालू शकतं.

तर बाई, तुमच्या वर्गापुरतं सांगते. फॉर्मवरचा तो रकाना वर्गात वाचायचा नाही, कोणाचाच नाही. मुलाचे काकाकाकू ऑफिसात येतील तेव्हा दार लोटून क्लार्कनं त्यांच्याकडून भरून घ्यायचा, आणि भरायचा नक्की, कारण आईवडील दोघं गेलेले आणि नातेवाइकांकडं वाढणारं मूल संस्थाबाह्य अनाथ म्हणून प्रमाणपत्राला पात्र ठरू शकतं. त्यांना जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसला पाठवा, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले आणि मुलाचा जन्मदाखला बरोबर द्या. तिथंच बालसंगोपन योजनेचं पण विचारायला सांगा, महिना २२५० रुपये मिळतात, काकूंना ते माहीत नसण्याची शक्यता जास्त.

आणि वर्गात त्याच्याबद्दल काही म्हणायची वेळ आलीच तर "काकूंकडं राहतो" म्हणा. डब्याला उशीर झाला तर काकूंना फोन करा, पालकसभेला काकूंना खुर्ची द्या, प्रगतिपुस्तकावर काकांची सही चालेल असं त्याला आधीच सांगून ठेवा. दोन दिवस तो आला नाही म्हणता, तर उद्या त्याच्या घरी कोणीतरी जाऊन या. आईचा विषय त्यानं स्वतः काढला तर बदलू नका, काय करायची, कशी बोलायची, ते त्याला सांगू दे.